पाटाचं पाणी, मडक्याचं पाणी

फाल्गुन सरत आला की आमच्या कागदी लिंबांना बारीक पांढरी फुलं येतात. ऊन वर यायच्या आत बागेत गेलं तर वास इतका दाट असतो की तो पदराला लागून घरापर्यंत येतो. अलीकडं नातवानं झाडांच्या बुडाशी काळ्या नळ्या अंथरल्यात. त्यातून पाणी थेंबाथेंबानं पडतं. "आजी, झाडाला लागंल तेवढंच पाणी. वाया काय जात न्हाई," असं तो मला समजावून सांगतो. मी मान डोलावते. काम चांगलं आहे, आणि सांगताना त्याचा चेहरा जो फुलतो, तो बघायला मला आवडतं. पण तो निघून गेला की मी बांधावर बसते आणि त्या वासाबरोबर मला एक उन्हाळा आठवायला लागतो. इंग्रजांच्या राज्यात ती दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाचा. या घरात सून म्हणून येऊन मला फार दिवस झाले नव्हते.

माझं माहेर वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. आमच्याकडं पाण्याचा कुणी विचारच करत नसे. हळदीच्या रानाला पाट वाहायचा, त्याच्या कडेनं अळू माजायचं, बेडूक ओरडायचे. पाट कुठं फुटला तर जेवण आटपून मग कुणीतरी सावकाश बांधायला जायचं. अशा गावची मुलगी खानापूरच्या पठारापलीकडं, आटपाडीच्या वाटेवरच्या गावात दिली. सासरची माणसं चांगली, पण जमीन मुरमाड आणि आभाळ कोरडं. पहिल्या दिवशी तोंड धुऊन मी तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकलं. मोठी जाऊ चुलीशी बसली होती. तिनं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी तोंड धुवायला गेले तर त्या जागी तिनं कढीपत्त्याचं एक रोप लावून ठेवलं होतं. मी काय समजायचं ते समजले. तिची शिकवायची रीत अशी होती.

तिला मी अक्का म्हणायची. तिचं माहेर जतच्याही खाली, कर्नाटकाच्या शिवेला. बोलता बोलता तिच्या तोंडून कानडी शब्द निघायचे. पाण्याला ती कधीमधी 'नीरू' म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा आवाज मऊ व्हायचा. तिचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, इंग्रजांच्या पलटणीत होते. शेवटच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी लिंबाच्या बागेला लागून डाळिंबाची रोपं लावली आणि परत गेले, ते गेलेच. तिकडं कुठल्याशा वाळवंटात लढताना पडले, एवढंच घरी कळलं. अक्काला मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, सगळ्या भावकीला ओसरीवर बसवून सांगितलं, "डाळिंबं थोरलीची. लिंबं धाकट्याची. तिच्या बागंत कुणी हात घालायचा न्हाई." लोकांनी तोंडावर माना हलवल्या. मागं मात्र एकट्या बाईला बाग कशाला, असं बोलणं बरेच दिवस चाललं होतं. मामंजींच्या कानावर ते येत असणारच. पण दिलेला शब्द पुन्हा उगाळायची त्यांना सवय नव्हती.

दोन्ही बागांना विहीर एकच. मोट हे हाकायचे. हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव घ्यायची सवय मला अजून लागलेली नाही. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीच्या उतारावरून, खाली निघाले की चाक करकरायचं, भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात ओतली जायची आणि पाणी पाटाला लागायचं. दारं धरायचं काम माझं. पाट एका जागी फोडायचा, झाडाच्या आळ्यात पाणी घ्यायचं, आळं भरलं की मातीनं तोंड बांधून पुढच्या झाडाचं उघडायचं. हे मी माहेराहून शिकून आले होते आणि मनापासून करायची. तापलेल्या मातीत पाणी शिरताना फसफस असा आवाज येतो, मग मातीचा वास, मग पायाच्या बोटांना गारवा. पाय चिखलात आणि डोक्यावर लिंबाची सावली असली की मला माझ्या गावात असल्यासारखं वाटायचं.

अक्काची तऱ्हा निराळी. तिच्या माहेरी मोट चालण्याएवढं पाणीच नव्हतं. तिथं बायका घागरी वाहून बोरं आणि डाळिंबं जगवत. त्या वर्षी पाऊस निम्म्यात गेला आणि संक्रांतीलाच विहिरीची एक पायरी जास्त दिसायला लागली, तशी अक्का कुंभारवाड्यात गेली. मीही तिच्याबरोबर होते. कुंभार चाकावरून हात न काढताच हसायला लागला.

"आवं वैनी, लोक मडकं वाजवून घेत्यात. गळकं निघालं तर माघारी आणून टाकत्यात. तुमी गळकंच मागायला लागलाय."

"गळकं नगं बाबा," अक्का म्हणाली. "घाम येणारं पायजे. भट्टीत जरा कमी ठेव. जळणाला तुराट्या मी पाठवून देते."

तुराट्यांचे भारे गेले आणि मडकी आली. अक्कानं प्रत्येक डाळिंबाच्या शेजारी एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलं, भरलं आणि तोंडावर चपटा दगड ठेवला. सकाळी बघावं तर मडक्याभोवतीच्या मातीला काळसर ओल चढलेली असायची. वरून तिनं बाजरीचं भूस आणि वाळलेलं गवत पसरलं, म्हणजे ऊन ती ओल उचलणार नाही.

मला ते सगळं भातुकलीसारखं वाटलं.

"अक्का, एवढ्याशा पाण्यानं झाडाचं काय हुतंय? पोटभर पाजावं आन् मग आठ दिस बघूच नये."

"हे तुज्या नदीकाठचं झाड हाय व्हय?" ती म्हणाली. "हितं पोटभर पाजाय पाणी कुटं हाय? रोज थोडं मिळतंय एवढं त्याला कळलं, की ते धीर धरतं."

आमचं बोलणं वाढायला लागलं तसं ह्यांनी कासरा ओढत सांगितलं, "मी मोट हाकतो. पाणी कुटं जातंय ते तुमी दोगी बघा." आणि मामंजी म्हणाले, "ज्याची बाग त्याची तऱ्हा. उन्हाळा सांगंल काय ते."

उन्हाळ्यानं सांगायला सुरुवात केली ती चैत्रात. थारोळ्यातून निघालेलं पाणी शेवटच्या लिंबापर्यंत पोचेना. मुरमाड जमिनीतला पाट, तो वाटेतच पाणी पिऊन टाकायचा. मी कुदळ घेऊन पुढं जाऊन उभी राहायची आणि पाण्याची वाट बघायची. पाणी यायचं ते कचरा पुढं ढकलत, दमल्यासारखं, आणि माझ्या पायांपाशी येऊन मुरून जायचं. जवळची झाडं हिरवीगार होती, त्यांची मुळं खोल भिजत होती, त्यात माझं काही चुकत नव्हतं. पण टोकाच्या ओळीची पानं गुंडाळायला लागली. शेजारी डाळिंबाला मात्र तांबूस पालवी. मी त्या बाजूला बघायचं टाळायची आणि मग तिकडंच बघायची.

वैशाखाच्या तोंडाशी मोट तळाला टेकायला लागली. अर्ध्या दिवसात विहीर उपसून जायची. मग उरलेलं पाणी पायऱ्या उतरून घागरीनं आणायचं. मला दिवस गेले होते. मी घागर कडेवर घेऊन पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तर अक्कानं ती माझ्याकडून काढून घेतली.

"तू खाली उतरायचं न्हाई. वर थांब. मी देते."

त्यानंतर दोन्ही बागांचं घागरीचं पाणी तिनंच वर आणलं. वर येताना तिच्या मानेवरच्या शिरा ताठलेल्या दिसायच्या. एके दिवशी ती उरलेली मडकी घेऊन माझ्या टोकाच्या लिंबांपाशी आली. मी बुंध्याशी खड्डा घ्यायला लागले तर म्हणाली, "हितं नगं. झाड बुंध्यानं पीत न्हाई, लांबनं पितं." फांद्यांची सावली जिथं संपते तिथं तिनं एकेका झाडाभोवती तीन-तीन मडकी पुरली. आमचं भांडण होतं ते कुठल्या पाण्यानं झाड जगतं याचं, आणि ती स्वतःचं पाणी माझ्या झाडांना घालत होती. मी काहीतरी बोलायला गेले, पण ती पुढच्या खड्ड्याला लागली होती.

मग तिच्याच झाडांनी मान टाकली. पालवी करपली, खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की मडकी भरलेलीच राहायची. ती रोज दगड उचलून बघायची, पाणी तसंच. "झाड पीत न्हाई गं," ती मला म्हणाली. तिचा आवाज आजारी मुलाच्या आईसारखा होता. "मी पाजतीया, पर ते पीत न्हाई."

अशात वैशाखाच्या अखेरीला तिचा भाऊ आला. सिद्रामदादा. तिच्याहून धाकटा, उंच, डोक्याला मळकट पटका, बोलायला सरळ. येताना बहिणीसाठी ज्वारीचं पीठ आणि शेंगा घेऊन आला होता. जेवण झाल्यावर तो बागेत एक चक्कर मारून आला आणि ओसरीवर मामंजींच्या समोर बसला.

"मामा, राग मानू नका. माजी बहीण तुमच्यात सुकात हाय, मला ठावं हाय. पर तुमच्या माघारी तिचं काय? ती बाग बघून आलो आत्ता. काटक्या ऱ्हायल्यात. कशाच्या भरवशावर तिला हितं ठेवू?"

"झाडं जगली असती तर मी तुला उत्तर दिलं असतं," मामंजी एवढंच म्हणाले आणि उठून बैलांकडं गेले.

मी आत गेले. अक्का लुगड्यांच्या घड्या घालत होती. रडत नव्हती. मी दारात उभी राहिले तशी म्हणाली, "त्यांनी लावल्याली झाडं. माज्या हातानं जगंना झाली. मग कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ गं हितं?"

मी तशीच बागेत गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. हात रिकामे ठेवून उभं राहवत नव्हतं. पहिल्या डाळिंबापाशी बसून मडक्याच्या कडेनं हातानंच माती उकरली. बोटं आत गेली आणि थांबली. मडकं काठोकाठ भरलेलं आणि त्याला लागून असलेली माती कोरडी ठणठणीत. मी ह्यांना हाक मारली. सिद्रामदादाही मागोमाग आला. त्यानं मडकं उपसून काढलं, उलटं केलं आणि नखानं खरवडलं. पांढरं पापुद्र्यासारखं काहीतरी निघून आलं.

"झाड पितंय की," तो हळूच म्हणाला. "मडकंच देईना झालंय. हिरीचं पाणी तळाला गेल्यावर खारं हुतं. त्यानं मडक्याचा घाम बंद हुतो. आमच्याकडं बगितलंय मी." मग थोडं थांबून, "अक्का लगीन हून हिकडं आली तवा ल्हान हुती. तिला कुणी सांगितलं नसंल."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी विहिरीत मोटेनं निघेल एवढं जे पाणी होतं, त्यावर पाळी लिंबांची होती. टोकाची ओळ आधीच तहानलेली. "आजचं पाणी डाळिंबाला दिऊया का?" त्यांनी विचारलं. त्यांनी विचारलं, हे मला आजही बरं वाटतं. मी लिंबांकडं एकदा बघून घेतलं आणि कुदळ उचलली.

डाळिंबाच्या बागेत पाट फोडायची ती माझी पहिली वेळ. अक्का ओसरीवरून आली आणि बघतच राहिली. मी एकेका झाडाला खोल आळं केलं, बुंध्याशी मातीचा उंचवटा ठेवला म्हणजे खोडाला पाणी लागणार नाही, आणि दारं धरली. कोरडी माती किती वेळ पाणी पीत होती. एक आळं भरलं की दुसरं, आणि सिद्रामदादा पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत होता. थारोळ्यापासून शेवटच्या आळ्यापर्यंत चालत गेला आणि माघारी आला.

"पाटच निम्मं पितोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत जायला निघेल असं आम्हाला वाटलं होतं. तो गाडी जुंपून गावतळ्याकडं गेला. तळं आटलं होतं, तळाला भेगाळलेली चिकण माती होती. ती त्यानं गाडी भरभरून आणली, शेण आणि भूस घालून भिजवली आणि धोतर वर खोचून पायांनी तुडवायला लागला. ह्यांनी बैल सोडले आणि तेही उतरले. मामंजी म्हातारपणी खाली बसून हातानं पाटाला लेप देत होते, जसं बाई चूल सारवते तसं. अक्का आणि मी लिंबाच्या सावलीत मडकी घेऊन बसलो. विटकरीनं प्रत्येक मडकं घासायचं, धुवायचं, उन्हात उलटं ठेवायचं. लिंबाखालचीही सगळी काढली. अंगणात पालथ्या मडक्यांच्या रांगा लागल्या. विटकरीनं आमचे हात लाल झाले. किती दिवसांनी अक्का हसली, कशावर ते आठवत नाही. बहुधा चिखलात घसरून बसलेल्या भावावर.

सिद्रामदादा बरेच दिवस राहिला. आल्या कामाबद्दल त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. लेप वाळला, आम्ही त्यातून पाणी सोडलं, आणि ते शेवटच्या लिंबाच्या आळ्यात वाहत वाहत आलं. मोट तेवढीच होती. वाटेत हरवायचं ते पाणी थांबलं होतं. मडकी परत पुरली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती पुन्हा काळी ओल धरली.

जायच्या दिवशी तो खांद्यावर पटका टाकून अंगणात उभा राहिला. अक्का भाकरी बांधून घेऊन आली.

"म्हयन्याला एकदा मडकी उकरून घासत जा," तो म्हणाला.

"म्हंजे मी हितंच ऱ्हायाचं?"

"झाडं टाकून येतीस व्हय?"

तो मामंजींच्या पाया पडला. मामंजींनी त्याला उठवून धरलं आणि तसंच धरून ठेवलं. मग तो जतच्या वाटेला लागला. अक्का ओढ्यापर्यंत त्याच्याबरोबर गेली, परत आली आणि पदर खोचून घागर घेऊन विहिरीकडं गेली.

टोकाच्या लिंबांतली काही झाडं त्या उन्हाळ्यात गेली. ती वाचली नाहीत. ती आम्ही तोडून कुंपणाला लावली. मृग उशिरा आला, पण आला, आणि उरलेल्या सगळ्या झाडांनी जीव धरला. पुढं आम्ही नवीन रोपाला मडकं आणि मोठ्या झाडाला सारवलेला पाट असं करायला लागलो. रोपाचं मूळ लहान, त्याला रोजच्या रोज जवळ ओल लागते. मोठ्या झाडाला मडक्यानं होत नाही, त्याला खोल भिजवणूक लागते, मग ते उन्हं सोसतं. आमच्या दोघींचं म्हणणं खरं होतं, फक्त वेगवेगळ्या वयाच्या झाडांबद्दल. गावातल्या आणखी काहीजणांनी पुढं मडकी पुरली. कुंभार भट्टीतून लवकर काढलेली मडकी बाजूला ठेवायला लागला आणि ती अक्काच्या नावानंच विकायचा.

मी त्या माणसांची नावं मनात घेते तेव्हा मला भरून येतं. बहिणीला न्यायला आलेला आणि तिला राहता यावं म्हणून चिखल तुडवत बसलेला भाऊ. सुनेच्या बागेचा पाट गुडघ्यावर बसून सारवणारा सासरा. आणि माझ्यासाठी पायऱ्या उतरणारी अक्का. त्यांना त्यात काही विशेष केलं असं वाटलं नसणार. मी मात्र त्यानंतर एकटी कधी राहिले नाही. सासर हा शब्द माझ्यासाठी त्या उन्हाळ्यात बदलला.

मार्गशीर्षात डाळिंबं तयार झाली. पहिलाच बहर, फळं फार नव्हती, पण टपोरी आणि लालसर. मामंजींनी आम्हा सगळ्यांना बागेत बोलावलं. माझा पोरगा माझ्या खांद्यावर झोपला होता. मामंजींनी एक फांदी निवडली आणि म्हणाले, "पयलं फळ थोरली तोडंल."

अक्का मागं सरकली. "मामंजी, धाकटीला सांगा. तिची वटी भरल्याली हाय. पयल्या फळाला माजा हात नगं."

"उन्हाळाभर झाडांनी कुणाच्या हातचं पाणी पिलं?" मामंजींनी विचारलं.

ह्यांनी जमिनीकडं बघितलं. मी पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि अक्काच्या पाठीला हात लावला. मामंजींनी ती फांदी वाकवून तिच्या हाताशी आणली.

तिनं दोन्ही हातांनी फळ धरलं आणि देठ पिळून तोडलं. तिथंच दगडावर फोडलं. पहिली फोड मामंजींना दिली, मग ह्यांना, मग मला. एक दाणा दाबून पोराच्या ओठांना रस लावला. तो झोपेतच ओठ हलवायला लागला. उरलेले दाणे तिच्या तळहातावर होते.

"आता तू खा," मामंजी म्हणाले, आणि तिनं ते तोंडात टाकेपर्यंत फांदी तशीच धरून उभे राहिले.